निकोटीन गम ‘लागू पडत नाही’ तेव्हा

सिगरेट सोडायची म्हणून निकोटीन गम आणला, दोन दिवस चघळला, उचक्या लागल्या, छातीत जळजळलं, पाकीट कपाटात गेलं आणि माणूस परत कोपऱ्यावरच्या गाड्यावर. हे इतकं सर्रास घडतं की गमच कुचकामी असा समज होऊन बसला आहे. गमात खोट नाही. तो साध्या चुइंगमसारखा चघळला जातो, तिथे घोळ होतो.

गमातलं निकोटीन गालाच्या आतल्या अस्तरातून रक्तात जायला हवं. भराभर चावलं की ते एकदम लाळेत उतरतं आणि लाळेबरोबर पोटात जातं. तिथून शोषलेलं बरंचसं निकोटीन मेंदूपर्यंत पोचायच्या आधीच यकृत मोडून टाकतं. म्हणजे तलफ आहे तिथेच, वर मळमळ आणि उचक्या. म्हणून गम अगदी सावकाश चावायचा. तोंडात तिखटसर मिरमिर जाणवली की थांबायचं आणि तो गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचा. मिरमिर ओसरली की पुन्हा थोडा चावून दुसऱ्या बाजूला ठेवायचा. एक गम असा साधारण अर्धा तास चालतो. कवळी असेल तर गम तिला चिकटतो, त्यांनी निकोटीनच्या चोखायच्या गोळ्या घ्याव्या. त्या मात्र अजिबात चावायच्या नाहीत.

दुसरी गडबड आपल्या जेवणाखाण्यातली. तोंडात आंबट असेल तर निकोटीन अस्तरातून नीट शोषलं जात नाही. गमाच्या आधीची १५ मिनिटं आणि गम तोंडात असेपर्यंत सोलकढी, कोकम सरबत, लिंबूसोडा, कॉफी, बिअर, सगळं बंद. जेवणानंतरची सिगरेट टाळायला म्हणून सोलकढीचा पेला संपवून लगेच गम तोंडात टाकला तर तो जवळजवळ वाया गेला. आधी साध्या पाण्याने चूळ भरा, थोडं थांबा, मग गम.

आता मात्रा. सकाळी उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत, म्हणजे पोदेराची (पाववाल्याची) पोंपों दारात येईपर्यंत पहिली सिगरेट लागत असेल तर व्यसन पक्कं आहे, ४ मिलिग्रॅमचा गम लागतो. त्याला डॉक्टरांची चिठ्ठी हवी. बाकीच्यांना २ मिलिग्रॅमचा पुरतो, तो फार्मसीत चिठ्ठीशिवाय मिळतो. पहिले ६ आठवडे दर एक-दोन तासांनी एक, पुढचे ३ आठवडे दोन-चार तासांनी, शेवटचे ३ आठवडे चार-आठ तासांनी. दिवसाला २४ च्या वर नाही. पण खरी अडचण उलटी असते: लोक दिवसाला दोन-तीन गम खातात आणि तेही तलफ डोक्यावर बसल्यावर. सिगरेटचं निकोटीन काही सेकंदांत मेंदूत पोचतं, गमाला वीस-तीस मिनिटं लागतात. म्हणून गम घड्याळाकडे बघून घ्यायचा, तलफेची वाट बघत बसायचं नाही. सुरुवातीला दिवसाला निदान नऊ तरी पडायला हवेत.

अंगाला लावायचा पॅच दिवसभर संथपणे निकोटीन देतो. पॅच आणि जोडीला गम घेतला तर यश एकट्याने घेण्यापेक्षा जास्त मिळतं, हे पुष्कळ चाचण्यांतून दिसलं आहे. आपल्या दमट हवेत घामाने पॅच सुटतो. त्वचा पूर्ण कोरडी करून, केस नसलेल्या जागी, तेल-पावडर न लावता चिकटवा आणि तळव्याने काही सेकंद दाबून धरा. रोज जागा बदला. रात्री विचित्र स्वप्नं पडू लागली तर झोपताना काढून ठेवा. नुकताच हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी यातलं काहीही डॉक्टरांना विचारूनच घ्यावं.

चहाबद्दल फारसं कोणी सांगत नाही. धुरातल्या डांबरातले काही घटक यकृताला कॅफिन झपाट्याने मोडायला लावतात. सिगरेट सुटली की तो वेग मंदावतो आणि तेवढाच चहा किंवा कॉफी रक्तात जवळपास दुप्पट काळ रेंगाळते. मग धडधड, चिडचिड, झोप नाही, आणि माणूस म्हणतो की सिगरेट सोडली म्हणून जीव कासावीस झाला. पहिल्या आठवड्यापासून चहा निम्म्यावर आणा. हे काम निकोटीनचं नसून धुराचं असल्यामुळे गम घेऊनही टळत नाही. दम्यावरचं थिओफायलिन किंवा मानसिक आजारावरचं क्लोझापिन, ओलांझापिन चालू असेल तर त्यांचीही पातळी वाढते, तेव्हा डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी साखर जास्त वेळा तपासावी. बद्धकोष्ठ होतं, पहिले काही आठवडे खोकला वाढू शकतो. त्रासाचा कळस दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी असतो.

‘रोजच्या वीसवरून एकावर आणली’ याला लोक मोठी कमाई समजतात. फुप्फुसाच्या कर्करोगापुरतं त्यात थोडं तथ्य आहे, हृदयापुरतं फारच कमी. दिवसाला वीस ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जितका जादा धोका असतो, त्यातला जवळजवळ निम्मा एकच ओढणाऱ्यालाही असतो. पूर्ण सोडली तर हा जादा धोका सुमारे वर्षभरात निम्म्यावर येतो. ब्रिटिश डॉक्टरांच्या पन्नास वर्षांच्या पाहणीत चाळिशीत सोडणाऱ्यांचं आयुष्य न सोडणाऱ्यांपेक्षा सुमारे ९ वर्षांनी वाढलं, साठीत सोडणाऱ्यांचंही ३ वर्षांनी. आणि सिगरेट सुटली पण सकाळची मशेरी चालूच, असं असेल तर निकोटीन सुटलेलं नाही आणि तोंडाच्या कर्करोगाची भीतीही तशीच आहे.

दिवस कोणता धरावा? हुर्राकाच्या, म्हणजे काजूच्या दारूच्या, मोसमात नको. ग्लास हातात आला की सिगरेट आपसूक येते. श्रावणाचा पहिला दिवस मला सगळ्यात सोयीचा वाटतो: घरात दारू-मासळी बंद, कोणी आग्रह करत नाही. पण श्रावण पाळला, चवथ (गणेश चतुर्थी) झाली की सुटला, असं करणारेच जास्त. उपचार १२ आठवड्यांचा आहे आणि श्रावणाच्या प्रतिपदेपासून मोजला तर तो दिवाळीच्या तोंडाशी येतो. चवथीला गावच्या घरी जाताना गमाचं पाकीट बॅगेत असायलाच हवं. त्या पाच-सात दिवसांत आरतीनंतर अंगणात जमणारी मंडळी सिगरेट पुढे करतेच.

गम जमतच नसेल तर व्हॅरेनिक्लिनच्या गोळ्या आहेत. त्या डॉक्टरांकडूनच घ्यायच्या, सोडायच्या दिवसाच्या आठवडाभर आधी सुरू करायच्या आणि मळमळ टाळायला जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर घ्यायच्या. बुप्रोपियन हे सिगरेट सोडवायचं दुसरं औषध मात्र फिट येणाऱ्यांनी घेऊ नये. रोज भरपूर पिणारा दारूही त्याच दिवशी तोडायच्या विचारात असेल तर त्यालाही ते धोक्याचं. बोलायला कोणी हवं असेल तर सरकारची फुकट हेल्पलाइन आहे: १८००-११२-३५६.

वापरलेला गम कागदात गुंडाळून टाका. त्यात निकोटीन उरलेलं असतं आणि अंगणातल्या कुत्र्याला किंवा रांगत्या पोराला ते बाधू शकतं.