बंड्याचा डबा

दिवाळी होऊन दहा-बारा दिवस झाले होते. संध्याकाळी बंड्याला दिवाणावर घ्यायला उचललं आणि तो कळवळला. भुंकला नाही, चावायला आला नाही, नुसता अंग आखडून उभा राहिला. बंड्या आमचा डॅशहंड, सात वर्षांचा. या जातीचे पाय आखूड आणि पाठ लांब. ज्या जनुकीय बदलामुळे पाय आखूड राहतात, त्याच बदलामुळे मणक्यांमधल्या चकत्याही लवकर खराब होतात. डॅशहंड घरात आणून सात वर्षं झाल्यावर मला हे कळलं, याचं अजून वाईट वाटतं.

डॉक्टरांनी आधी त्याला काट्यावर उभं केलं. 11 किलो 800 ग्रॅम. त्याच्या चणीला 9 किलो पुरे होते. मग त्यांनी मला माझाच हात पुढे करायला सांगितला. मूठ आवळायची आणि सांध्यांवरून बोट फिरवायचं. बरगड्या इतक्या टोचत असतील तर कुत्रा हडकुळा. मग मूठ उघडून हाताच्या मागच्या बाजूवरून बोट फिरवायचं. इतक्या लागल्या तर वजन ठीक. शेवटी तळहात. बंड्याच्या बरगड्या तळहातासारख्या होत्या, दाबल्याशिवाय हाड लागतच नव्हतं. 9 गुणांच्या मापात 5 म्हणजे उत्तम, बंड्याला 8 मिळाले.

चकती अजून पूर्ण सरकली नव्हती. वेदनाशामक औषध आणि चार आठवडे सक्तीची विश्रांती एवढ्यावर भागलं. पण हे ओझं उतरलं नाही तर पुढच्या वेळी मागचे पाय जाऊ शकतात, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. थायरॉइडची तपासणी केली, ती व्यवस्थित आली. म्हणजे कारण आमच्या स्वयंपाकघरातच होतं.

घरी येऊन कागदावर लिहायला बसले. पिशवीतलं कोरडं खाद्य दोन वेळा, तेही नसबंदीच्या आधी होतं तेवढंच. नसबंदीनंतर कुत्र्याची गरज कमी होते, आम्ही मात्र एक दाणा कमी केला नव्हता. सकाळी अण्णांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, चहाबरोबर मारीची तीन बिस्किटं. दुपारी आईंच्या हातची तूप लावलेली पोळी. लेकीच्या डब्यात उरलेलं पनीर. रात्री पातेल्यातली साय. प्रत्येकाला वाटत होतं की आपण जरासंच देतो. डॉक्टरांनी 9 किलोच्या हिशोबाने काढलेली त्याची दिवसाची मर्यादा होती 364 कॅलरी. एका बिस्किटात साधारण 25 धरल्या, तर तीन बिस्किटांतच त्याचा पाचवा हिस्सा संपत होता.

मी म्हटलं, नेहमीचंच खाद्य निम्मं करते. डॉक्टर नको म्हणाले. नुसतं निम्मं केलं की प्रथिनं आणि जीवनसत्त्वंही निम्मी होतात. त्यांनी वजन उतरवण्यासाठीचं खाद्य दिलं, त्याचे रोज 110 ग्रॅम. वरखाऊ सगळं मिळून दिवसाच्या दहा टक्क्यांच्या आत.

उपयोगी पडला तो स्टीलचा एक डबा. सकाळी दिवसभराचं खाद्य मोजून त्यात भरायचं, शेजारी वाटीत गाजर-काकडीचे तुकडे. ज्याला जे द्यायचं ते त्यातूनच. डबा रिकामा झाला की बंड्याचा दिवस संपला.

अण्णांना हे अजिबात पटलं नाही. "मुक्या जिवाला उपाशी मारतेस तू," असं म्हणून ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. बंड्या त्यांच्या खुर्चीच्या पायाला हनुवटी टेकून वर बघत बसायचा, आणि ते बघणं मलाही सहन व्हायचं नाही. वाद घालण्यापेक्षा पुढच्या वजनाला मी अण्णांना बरोबर घेऊन गेले. डॉक्टरांनी त्यांचा हात धरून बंड्याच्या बरगड्यांवरून फिरवला आणि पाठीचं समजावलं. ते म्हणाले, "तुम्ही देणं थांबवू नका, फक्त डब्यातलं द्या. तो वेळेला येतो, तुमच्यासाठी येतो." घरी आल्यावर अण्णा गाजराची चकती चार तुकडे करून, एकेक तळहातावर ठेवून देऊ लागले. बंड्या ती बिस्किटाइतक्याच आनंदाने घ्यायचा. त्या दिवसानंतर अण्णांनी एकदाही बिस्कीट दिलं नाही. दर पंधरा दिवसांचं वजनही तेच कालनिर्णयाच्या मागच्या पानावर लिहायचे.

आठवड्याला एक-दोन टक्के वजन उतरलं पाहिजे, असं डॉक्टरांचं गणित होतं, म्हणजे शंभर-दोनशे ग्रॅम. आमचं एक टक्क्याच्याही किंचित मागेच चाललं होतं, आणि फेब्रुवारीत 10 किलो 600 वर तर पाच आठवडे काटा हललाच नाही. घरात सगळे एकमेकांकडे संशयाने बघू लागले. शेवटी उलगडा झाला तो मापाचा. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याचा सेल गेल्यापासून आम्ही वाटीने मोजत होतो, दिवसाला दोन वाट्या. मी सपाट भरायचे, नवरा शिगोशीग. नवा सेल घालून मोजलं तर दोन्हींत मिळून 30 ग्रॅमचा फरक, म्हणजे 90 कॅलरी, त्याच्या दिवसाचा चौथा हिस्सा! वाटी बंद केली, वजन पुन्हा उतरू लागलं.

त्याच सुमारास एक भीती वेगळीच होती. आम्ही नाशिकचे, तेव्हा घरात द्राक्षांची पेटी ठरलेली. फळच आहे म्हणून कोणी एखादा मणी टाकू नये, यासाठी मी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. द्राक्षं आणि मनुका कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. कांदा-लसणाची भाजीही त्याला नको. पोट भरल्यासारखं वाटावं म्हणून बिनमिठाचा उकडलेला दुधी थोडासा, आणि कोरड्या खाद्यात कोमट पाणी.

फिरणं विश्रांती संपल्यावर सुरू केलं, पाच मिनिटांपासून. एप्रिल-मेमध्ये सकाळी सहालाच बाहेर पडायचो; नंतर डांबर इतकं तापतं की आपल्यालाही हात टेकवत नाही. जिना त्याला आजही चढू देत नाही. एक हात छातीखाली, एक ढुंगणाखाली, पाठ आडवी ठेवून उचलते.

आठ महिने लागले. जुलैमध्ये तो 9 किलो 100 वर आला. वरून बघितलं की बरगड्यांमागे कंबर दिसते, पूर्वी ती नव्हतीच. आता रोजचं खाद्य 10 ग्रॅमने वाढवलं आहे. डबा तोच आहे, आणि तो भरायचं काम अण्णांनी स्वतःकडे घेतलंय, काट्यावर मोजून.