निफाडच्या थंडीत, मामांच्या शेततळ्यात

मामांची अट एकच होती: कागद फाटता कामा नये. निफाडजवळच्या त्यांच्या शेततळ्याला तळापासून काठापर्यंत प्लास्टिकचा जाड कागद अंथरलेला आहे आणि बागेचं उन्हाळ्याचं पाणी त्याच्याच भरवशावर टिकतं. "खाली टेकायचं नाही. आणि ते कमरेला बांधायचं शिसं तर अजिबात पडू द्यायचं नाही," असं त्यांनी फोनवरच बजावलं. माझा स्कूबा इन्स्ट्रक्टर मित्र खूश. म्हणाला, बॉयन्सी, म्हणजे पाण्यात ना बुडता ना वर येता तरंगणं, शिकायला याहून चांगला तळ मिळणार नाही.

मी स्कूबा डायव्हिंगचा कोर्स केला तारकर्लीला, समुद्रात. पाणी कोमट, अंगात ३ मिलिमीटरचा सूट, कमरेला ६ किलो शिसं. पास झालो, पण एका जागी स्थिर राहणं काही जमेना. कधी गुडघे वाळूत, कधी बुचासारखा वर. पुढच्या सीझनआधी घराजवळ सराव करायचा होता. गंगापूर धरण आधी डोक्यात आलं होतं, पण ते नाशिकचं पिण्याचं पाणी आहे. परवानगीशिवाय तिथे उतरायचा विचारही करू नका.

जानेवारीतला रविवार. साडेपाचला नाशिक सोडलं तेव्हा गाडीत पारा ९ अंश दाखवत होता. निफाडच्या अलीकडे बागांच्या बांधावर शेकोट्यांचा धूर रस्त्यावर उतरला होता. कडाक्याच्या थंडीत द्राक्षाचे मणी तडकतात, म्हणून ही धडपड. मामांनी पहाटेच ठिबक सोडलं होतं, कारण विहिरीचं पाणी त्या वेळी हवेपेक्षा उबदार असतं. तळ्याचं मात्र १९ अंश. ऐकायला फार वाटत नाही, पण पाणी अंगातली ऊब हवेच्या पंचवीसपट वेगाने ओढून घेतं. ५ मिलिमीटरचा सूट आणि हूड घालूनच उतरा.

पहिला वाद शिशावरून. सूट जाड, म्हणजे जास्त तरंगणार, म्हणून मी ९ किलो मागितले. मित्र म्हणाला, ६. त्याचा हिशेब असा: मी आणि सामान मिळून साधारण १०० किलो. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा अडीच टक्के जड, म्हणजे तळ्यात मला अडीच किलो शिसं कमीच लागणार. जाड सूटने वाढवलं ते गोड्या पाण्याने फेडलं. मी ऐकलं नाही. ९ किलो बांधले आणि दगडासारखा खाली गेलो. घाबरून बीसीडीत (बटणाने हवा भरता-सोडता येणारं जॅकेट) हवा भरली, कागदाच्या वीतभर वर कसाबसा थांबलो, जरा वर सरकलो आणि मग थांबताच येईना. सरळ पृष्ठभागावर.

उथळ पाण्याची खोडी हीच. तळं मध्यावर साडेचार मीटर खोल. तळाशी बीसीडीत भरलेली लिटरभर हवा वर पोचेपर्यंत जवळजवळ दीड लिटर होते. समुद्रात ३० मीटरवरून तेवढंच वर आलात, तर ती जेमतेम आठवा हिस्सा फुगते. ३ किलो फालतू शिसं म्हणजे ते उचलायला ३ लिटर फालतू हवा, आणि फुगते ती हीच. कमी खोलीत शिकणं सोपं, हा माझा समज तिथेच संपला.

मग वजनाची तपासणी नीट केली. सिलिंडरमध्ये ५० बार दाबाची हवा उरलीय, बीसीडी पूर्ण रिकामी, उभं राहून साधा श्वास घेतलाय: पाणी डोळ्यांच्या रेषेत यायला हवं. श्वास सोडला की हळूच बुडायला हवं. भरलेल्या सिलिंडरने तपासत असाल तर वर दोनेक किलो धरा, कारण १२ लिटरच्या सिलिंडरमधली हवा संपत जाते तसं तेवढं वजन कमी होतं. मला निघाले ६ किलो. मित्र काही बोलला नाही, नुसता हसला.

तरीही दुसऱ्या डुबकीत मी वरच सरकत होतो. कारण काठावरून त्याला दिसलं: थंडीमुळे मी छाती भरून, भराभर श्वास घेत होतो आणि सोडताना अर्धाच सोडत होतो. छातीत दोन लिटर हवा जास्त राहिली, म्हणजे दोन किलो शिसं काढल्यासारखंच. उपाय कंटाळवाणा आहे. उतरल्यावर पाच मिनिटं दोरी धरून काहीच करायचं नाही, फक्त श्वास लांब सोडायचा. श्वासाचा परिणाम दिसायला दोन-तीन सेकंद लागतात. तेवढ्यात बीसीडीच्या बटणाकडे हात नेलात की गोंधळ सुरू. मात्र श्वास रोखून जागेवर राहायची युक्ती कधीच करू नका. भरल्या छातीने मीटर-दीड मीटर वर आलात तरी फुप्फुसाला इजा होऊ शकते. वर निघायच्या आधी बीसीडीतली हवा काढा, भरू नका.

तिसऱ्या डुबकीत कागदावरच्या शेवाळापासून हातभर वर, आडवा, चार मिनिटं राहिलो. शेवाळाच्या एका तुकड्यावरून गोगलगाय चालली होती. तिचा मागचा पुसट पट्टा दिसत होता, म्हणजे गाळ उठला नव्हता.

तुम्ही जाणार असाल तर: शेततळ्याचे उतार शेवाळाने इतके गुळगुळीत असतात की पोहणाऱ्यालाही बाहेर येता येत नाही, माणसं अशीच जातात. काठावर पक्क्या खुंटाला बांधलेली, गाठी मारलेली दोरी आणि एक माणूस कायम वर. एकट्याने नाहीच. सुरी, क्लिप, टोकदार काही अंगावर नको. शिसं काठावरच बांधा, पाण्यात हातात घेऊ नका. निफाड समुद्रसपाटीपासून ३०० मीटरच्या बरंच वर आहे, त्यामुळे डाइव्ह कॉम्प्युटरचं (खोली आणि वेळ मोजणारं यंत्र) उंचीचं आणि गोड्या पाण्याचं सेटिंग बघा. खाली-वर फार होतं, म्हणून कान सतत मोकळे करा. सर्दी असेल तर घरीच थांबा. चाळीस मिनिटांत माझी बोटं बटण ओळखेनाशी झाली, तिथे थांबलो.

बाहेर आल्यावर मामांनी आधी कागद बघितला, मग मला. काढलेलं ३ किलो शिसं त्यांच्या ओट्यावरच विसरलो. खताच्या गोण्यांवरच्या ताडपत्रीवर ठेवलंय म्हणाले.