किती वेळ टिकलीस?

शाळेच्या खो-खो संघाने मिळवलेल्या ढालींबद्दल या स्मरणिकेत माझ्या मैत्रिणी लिहितीलच. मला लिहायचंय ते खेळाच्या बाईंनी आम्हाला हरायला कसं शिकवलं त्याबद्दल.

खो-खोत संरक्षणाला उतरलेली मुलगी कधी ना कधी बाद होतेच. समोर आठ जणी पाटीवर बसलेल्या, नववी मागे लागलेली. नऊ मिनिटांच्या डावात नाबाद राहणाऱ्या थोड्याच. त्यामुळे बाद होऊन बाहेर आलं की बाई रागवत नसत. "किती वेळ टिकलीस, माहितीये?" असं विचारून घड्याळ दाखवत आणि वहीत नावापुढे मिनिटं-सेकंद मांडत. चूक मग सांगत. "खांबाजवळ वळताना नजर मागे गेली गं तुझी."

१९९१ साली छत्रपती शिवाजी स्टेडियमवर अंतिम सामना आम्ही एका गुणाने हरलो. रडू आवरत नव्हतं, घरी जायची घाई झाली होती. बाईंनी बक्षीस समारंभ संपेपर्यंत कोणाला हलू दिलं नाही. टाळ्या वाजवायला लावल्या, आणि मग जिंकलेल्या संघाच्या त्या उंच मुलीकडे आम्हाला नेलं. "साखळी खेळता खेळता मध्येच गोल कसा धरतेस, ते माझ्या मुलींना दाखवशील का?" (साखळी म्हणजे बसलेल्या मुलींमधून नागमोडी पळणं, गोल म्हणजे त्यांच्याभोवती फेर धरून पळणं.) तिनेही तिथेच, गळ्यात पदक घालून, दाखवलं. माझ्या मते शाळेतला तो सगळ्यात मोठा तास होता.

हरलेल्यांच्या गोष्टी आपण सांगतो, पण पुढे ते जिंकले असतील तरच, हे मला खटकतं. आपल्या चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ घ्या. दुष्काळी गावचा मुलगा, सैन्यात गेल्यावर २०१२मध्ये नौकानयन शिकला. २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत एकेरीच्या अंतिम शर्यतीत प्रकृतीने साथ दिली नाही, आणि दुसऱ्याच दिवशी चौघांच्या नौकेत सुवर्ण मिळालं. ही गोष्ट सगळ्यांना आवडते, मलाही आवडते. पण २०१६च्या रिओ ऑलिंपिकमधलं त्यांचं तेरावं स्थान मला जास्त जवळचं वाटतं. तिथे दुसऱ्या दिवशी सुवर्ण नव्हतं. तरी ते वल्हवणं पूर्ण मोलाचंच होतं.

लग्नानंतर मी निफाड तालुक्यात, द्राक्षाच्या घरात आले. ऑक्टोबर छाटणीनंतर बाग फुलोऱ्यात असताना सलग पाऊस लागला की गळ आणि कूज होते. माल तयार असताना लागला की मणी तडकतात. आम्ही दोन्ही पाहिलंय. एका वर्षी तर जवळजवळ सगळा माल गेला. आमच्या घरात दोन दिवस कोणी धड जेवलं नाही.

आणि खरी परीक्षा त्यानंतर असते. घड गेले तरी पानं सांभाळावी लागतात, कारण वेलीतला अन्नसाठा त्यांच्यावरच अवलंबून. एप्रिलची खरड छाटणी झाली की नव्या काड्या येतात, आणि पुढच्या हंगामाचे घड त्या काड्यांच्या डोळ्यांत, म्हणजे अंकुरांत, तेव्हाच घडायला लागतात. म्हणजे विकायला काही नसताना डाऊनी या बुरशीच्या रोगासाठी फवारायचं, खत-पाणी द्यायचं, मजुरी भागवायची. फार जिवावर येतं ते. हे तर म्हणाले होते, यंदा बाग अशीच राहू दे. मी नको म्हटलं. त्या दिवसांत मी बागेची वही घातली: पाऊस कधी, बाग कोणत्या अवस्थेत, कूज किती दिवसांनी दिसली. लिहिताना बाईंचं अक्षर डोळ्यांपुढे यायचं.

पुढच्या वर्षी माल चांगला आला, भाव मात्र पडले. कर्ज त्याही वर्षी पुरतं फिटलं नाही. आम्ही पुन्हा छाटणी घेतली.

यंदा आपल्या मुलींचा संघ जिल्हा स्पर्धेत हरला असं कळलं. मुलींनो, शाळेच्या महोत्सवाच्या दिवशी सकाळी मी मैदानावर लवकर येणार आहे. साखळीतून गोल कसा धरायचा ते मला अजून येतं. धावायला पूर्वीइतकं जमणार नाही, पण पाय कुठे टाकायचा हे नक्की दाखवीन. बूट घालून या.