लिस्टोवेलचे साहित्य आणि संध्याकाळचे संगीत

आयर्लंडच्या नैऋत्येला, केरी परगण्यात, फील नदीच्या काठी लिस्टोवेल हे छोटे गाव आहे. नाटककार जॉन बी. कीन आणि कथाकार ब्रायन मॅकमहन हे दोघेही इथलेच. कीन यांनी गावात पब चालवता चालवता नाटके लिहिली, मॅकमहन शाळेत शिकवता शिकवता लिहीत राहिले. ‘रायटर्स वीक’ हा साहित्य महोत्सव इथे १९७०च्या दशकाच्या आरंभापासून भरतो. ज्या रस्त्यांवरच्या बोलण्यातून हे लेखन घडले, तिथेच ते ऐकायला मिळावे, यासारखे भाग्य नाही.

दिवसा वाचने आणि चर्चा होतात, पण माझे मन अधिक गुंतते ते संध्याकाळच्या संगीतात, ज्याला तिकडे ‘सेशन’ म्हणतात. पबच्या कोपऱ्यातल्या टेबलाभोवती वादक एकमेकांकडे तोंड करून बसतात, त्यामुळे काहींची पाठ श्रोत्यांकडेच असते. फिडल, अकॉर्डियन, बासरीच्या जोडीला कधी इलन पाइप्स ही आयरिश बॅगपाइप असते, जिच्यात हवा तोंडाने फुंकली जात नाही, तर कोपराखाली दाबलेल्या भात्याने भरली जाते. बहुतेक धुनांचे आठ-आठ मात्राखंडांचे दोन भाग असतात. प्रत्येक भाग दोनदा वाजतो, संपूर्ण धून दोन-तीनदा फिरते आणि मग कोणीतरी नुसत्या नजरेने इशारा करताच सगळे न थांबता पुढच्या धुनेत शिरतात. समोर स्वरलिपीचा कागद नसतो. केरी आणि कॉर्क यांच्या सीमेवरच्या श्लीव लूख्रा भागातल्या पोल्का, म्हणजे नाचाच्या जलद धुना, सुरू झाल्या की पाय आपोआप ठेका धरतात.

मध्येच कोणाला तरी गाण्याचा आग्रह होतो आणि वाद्ये थांबतात. ‘शान-नोस’ ही आयरिश भाषेतल्या गायनाची जुनी पद्धत साथीशिवायची आहे. ताल शब्दांच्या ओघाने लांबतो, आखडतो, आणि एखाद्या अक्षरावर गायक स्वरांची बारीक हरकत घेतो. काही गायक शेवटचे शब्द गात नाहीत, साध्या बोलण्याच्या आवाजात सांगून गाणे संपवतात. दुपारी कवीने ओळ जशी उच्चारलेली असते, तसाच तो आवाज वाटतो, आणि वाचन व गायन या दोन कला इथे एकाच कार्यक्रमात का नांदतात, हे तेव्हा नीट उमगते.

म्हणूनच कवितावाचनाच्या मागे हार्प या तंतुवाद्याचे मंद सूर सोडण्याची हल्लीची हौस मला मान्य नाही. तिथे कविता आणि हार्प दोन्ही अर्धेच ऐकले जातात. कवितेला तिचा वेळ द्यावा, वादकांना त्यांचा, आणि मध्ये लोकांना आपसांत बोलू द्यावे. लिस्टोवेलसारख्या गावात त्यासाठी वेगळी सोय करावी लागत नाही, कारण वाचनाहून पबपर्यंत सगळे चालतच जातात.