शिफ्ट राहिला होता

‘ही कृती घातक असल्याचे आढळल्याने थांबवण्यात आली आहे.’

बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला आणि तीच ओळ पुन्हा वाचली. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “घातक? अरे, मी एक शिफ्ट दाबला फक्त.”

ती ओळ माझीच होती. दोनेक वर्षांपूर्वी ऐरोलीतल्या घरी रात्री उशिरा मीच ती लिहिली होती आणि स्वतःवर खूश होऊन झोपलो होतो.

माझा धंदा छोट्या ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळायचा. ठाण्यात आणि नवी मुंबईत मिळून पंधराएक एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचे करार, आहेत. दोन सीए, एक दातांचा दवाखाना, सोसायट्यांची ऑफिसं, आणि नौपाड्यातला बाईंचा टायपिंग क्लास. दहावीनंतरच्या सुट्टीत याच क्लासात मी टायपिंग शिकलो, त्यामुळे आजही मी ‘तू’ आणि त्या ‘बाई’. बिल मागायची अजून हिंमत होत नाही, त्याच पाकीट पुढे करतात.

रात्रीचं काम वेगळं, आणि त्याचे पैसे मिळत नाहीत. लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत ऑपरेटिंग सिस्टमवर, भारतीय भाषा कशा वापरायच्या याची माहिती देणारी एक विकी आहे. स्वयंसेवकांनी उभी केलेली, मीडियाविकी या विकिपीडियाच्याच सॉफ्टवेअरवर चालणारी, जेमतेम सव्वादोनशे पानांची. तिच्या तीन प्रचालकांपैकी, म्हणजे अ‍ॅडमिनपैकी, एक मी. नाव सांगत नाही, कारण बाकी दोघांना विचारून हे लिहीत नाहीये.

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला नेहमीचे मोफत अपडेट देणं थांबवलं. बाईंकडची बारा मशीनं विंडोज ११ घेईनात. नवीन घ्यायची तर क्लासची वर्षाची कमाई गेली असती. मी म्हटलं, लिनक्स टाकू. दिवाळीच्या सुट्टीत टाकलंही. इन्स्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा प्रमाण कळफलक शिकणाऱ्या बॅचसाठी आमच्याच विकीवरचा मराठी कळफलकाचा तक्ता छापला, लॅमिनेट केला आणि बाराही मशीनांच्या वर चिकटवला. मनात थोडी ऐटही होती, आपल्या विकीचं पान भिंतीवर गेलं म्हणून.

दोन आठवड्यांनी शुक्रवारी रात्री फोन. “तू तो तक्ता कुठून आणलास?”

शनिवारी अकराच्या सुमारास पोहोचलो. बाईंनी एका मुलीचा सरावाचा कागद पुढे केला. ‘शेतकर्यांना मदत’, ‘वार्यावर’, ‘दुसर्या दिवशी’. प्रत्येक शब्दाभोवती लाल गोल. अख्ख्या बॅचचे कागद तसेच.

इन्स्क्रिप्टमध्ये र हा जे या कळीवर असतो आणि शिफ्टसकट जे दाबला की ऱ येतो, खाली टिंब असलेला. त्याच्यापुढे हलंत आणि य दाबला की ‘ऱ्य’ उमटतो, शेतकऱ्यातला, वाऱ्यातला, दुसऱ्यातला. साधा र घेतला की रफार होऊन वर जातो. आमच्या तक्त्यात त्या ओळीत छोटा जे छापला होता, मोठा नाही. मुली चुकल्या नव्हत्या, तक्त्यात होतं तेच त्यांनी इमानेइतबारे केलं होतं.

“सह्याद्रीत दर्या नसतो रे, दऱ्या असतात,” बाई म्हणाल्या. “आणि बोटांना एकदा लागलेली सवय सोडवायला दुप्पट दिवस लागतात. कुणाला सांगतेय मी, तुझी डाव्या करंगळीची सोडवताना माझा जीव गेला होता.”

मी खिशातून मोबाइल काढला. प्रचालकाच्या खात्यातून पाच सेकंदांचं काम. बाईंनी हात धरला.

“थांब. तिथे लिहिलंय ना, कुणीही सुधारणा करू शकतं? मग मी करते. उद्या याच्यापुढची चूक सापडली तर काय तुला ऐरोलीहून बोलवायचं?”

मुद्दा बरोबर होता, आणि मलाही वाटलं, चला, बाईंचं खातं उघडू, दहा मिनिटांत होईल. शेवटी विकीची कल्पनाच ती. वॉर्ड कनिंगहॅमने १९९५ मध्ये पहिली विकी काढली तेव्हा तिला नाव दिलं होनोलुलूच्या विमानतळावरच्या ‘विकी विकी’ बसवरून. हवाईयन भाषेत विकी म्हणजे झटपट.

मी बाईंच्या मागे खुर्ची घेऊन बसलो आणि ठरवलं, माउसला हात लावायचा नाही. विकीवर मी सात वर्षं आहे, पण लॉगिन न करता ती कशी दिसते हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. पानावर ‘संपादन’ कुठेच नव्हतं. त्या जागी ‘स्रोत पहा’. “स्रोत म्हणजे?” बाईंनी विचारलं आणि दाबलंही. समोर उभ्या रेघा, आडव्या रेघा, महिरपी कंस. “एवढे दंड कशाला? अभंग आहे का हा?” तक्ता मात्र त्यात कुठेच नव्हता. तो एका साच्यात ठेवलेला होता आणि पानात त्या साच्याचं फक्त नाव होतं. ही माझीच हुशारी, चार पानांवर तोच तक्ता लागतो म्हणून एकदाच लिहून चार ठिकाणी बोलवायचा. साचा म्हटल्यावर बाईंच्या डोक्यात मोदकाचा आला, आणि खरं तर उपमा म्हणून काही वाईट नव्हता. पण तो साचा कुठे ठेवलाय हे मी सांगितल्याशिवाय त्यांना या जन्मात कळलं नसतं.

खातं काढायला गेलो. वर ‘सनोंद प्रवेश’ असं लिहिलेलं. “सणांची नोंद?” शेजारची मुलगी हसली. मी हसलो नाही. कुणा स्वयंसेवकानेच मेहनतीने घडवलेला शब्द आहे तो, पण रोज लॉगिन म्हणणाऱ्या माणसाला तो दरवाजा वाटतच नाही.

पुढे अर्ज. आमच्याकडे खातं थेट मिळत नाही, मागावं लागतं. २०२३ च्या पावसाळ्यात एका रात्रीत चारशेच्या वर बनावट खाती उघडली गेली होती. कॅसिनो, वजन कमी करायच्या गोळ्या, काय काय. आठवडाभर आम्ही तिघं पानं पुसत होतो. तेव्हा अर्ज मागवणारा विस्तार, म्हणजे मीडियाविकीचं एक्स्टेन्शन, बसवला. त्यात स्वतःची ओळख लिहावी लागते, कमीत कमी ५० शब्दांत. हा आकडा आम्ही ठरवला नव्हता, विस्तारात तो मुळातच असतो. आम्ही तो बदलला नाही इतकंच.

बाईंनी लिहायला घेतलं. ‘मी गेली ३४ वर्षे मराठी व इंग्रजी टंकलेखन शिकवते.’ नऊ शब्द. थांबल्या. “अजून काय लिहू? मिस्टर काय करतात ते?” मग गोदरेजच्या जुन्या मशीनबद्दल लिहिलं, ते अजून कोपऱ्यात झाकून ठेवलंय त्यांनी. शेवटी पन्नास भरले. एक अक्षर छोट्याचं मोठं करायला पन्नास शब्द.

त्याखाली माणूस आहात हे सिद्ध करणारा प्रश्न. ही कल्पना मी आर्च लिनक्स या लिनक्सच्याच एका प्रकाराच्या विकीवरून उचलली होती. तिथे खातं काढताना एक कमांड चालवून तिचं उत्तर लिहायला सांगायचे. तिथे ते चालतं, खातं काढणारे बहुतेक जण आर्चच वापरतात आणि टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडतच असतात. मी सोपा केला होता : टर्मिनलमध्ये ‘युनेम’ लिहिल्यावर काय येतं? बाईंना काळी खिडकी कुठे आहे ते दाखवलं. उत्तर आलं. त्यांनी खाली नीट, इन्स्क्रिप्टने टाइप केलं : लिनक्स.

चूक. पुन्हा : लिनक्स. चूक. तिसऱ्यांदा एंटर दाबताना माझ्या लक्षात आलं की उत्तर म्हणून मी फक्त रोमन अक्षरांतला शब्द नोंदवला होता. देवनागरी कसं टाइप करावं हे शिकवणाऱ्या विकीने देवनागरीत टाइप करणाऱ्या बाईंना यंत्र ठरवलं.

“चहा घेतोस?” त्यांनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं वाटलं असतं.

चहा होईपर्यंत पडताळणीची मेल आली, स्पॅममध्ये. आणि ती दाबल्यावर संदेश : आपला अर्ज प्रचालकांकडे पाठवला आहे. प्रचालक बाईंच्या मागे बिस्किट बुडवत बसला होता.

मी मोबाइलवर अर्जांची यादी उघडली. मंजुरीची जबाबदारी खरं तर तिसऱ्या प्रचालकाची. नवीन अर्जाची सूचना त्याच्याच पत्त्यावर जायची. त्याला बाळ झालं, नोकरी बदलली, तो केव्हा दिसेनासा झाला ते आम्हालाही कळलं नाही. यादीत ६३ अर्ज पडून होते. बरेचसे कचरा, वाचताच कळतं. पण मध्येच एक अर्ज मार्चमधला, जळगावकडच्या कुणाचा. ओळखीच्या रकान्यात असं काहीसं होतं : ‘मी शिक्षक आहे. आपल्या मराठी कळफलकाच्या तक्त्यात ऱ्य च्या ओळीत जे कॅपिटल हवा. संपर्काचा दुसरा मार्ग सापडला नाही म्हणून इथे लिहीत आहे. ५० शब्द व्हावेत म्हणून पुढे लिहितो, आमच्याकडे यंदा ऊन लवकर सुरू झाले आहे...’

बाईंना वाचून दाखवलं. “आठ महिने,” त्या म्हणाल्या, आणि भिंतीवरच्या तक्त्यांकडे बघितलं.

त्यांचा अर्ज मी मंजूर केला. आता तरी होईल असं वाटलं तर साचा अर्धसुरक्षित निघाला : खातं चार दिवस जुनं आणि दहा संपादनं झालेली हवीत. हा नियम इंग्रजी विकिपीडियाचा. तिथे सत्तर लाखांच्या घरात लेख आहेत, दहा बारीकसारीक दुरुस्त्या कुणालाही सापडतील. आमच्या सव्वादोनशे पानांपैकी कामाची पानं बहुतेक कुलपातच, मग नवख्याने दहा संपादनं करायची कुठे? मोठ्या वाड्याची दिंडी आम्ही चाळीतल्या खोलीला लावली होती. सुरक्षा काढली. बाईंनी साचा उघडला, उभ्या रेघांच्या गर्दीत बोटाने ओळ शोधली, छोटा जे खोडला, शिफ्ट धरून मोठा लिहिला, जतन करा दाबलं.

आणि मग ते घातक.

तो संदेश दाखवणारी गाळणी, म्हणजे संशयास्पद बदल आपोआप अडवणारा नियम, का लावली होती हेही सांगायला हवं. मागे एका नवीन खात्याने पेनड्राइव्हवर लिनक्स उतरवायच्या पानावरच्या कमांडमध्ये फक्त एक अक्षर बदललं होतं, एसडीबीचं एसडीए. पानाची लांबी तीच, बघणाऱ्याला फरक दिसत नाही. पण तशी कमांड चालवली की पेनड्राइव्हऐवजी स्वतःचीच डिस्क पुसली जाते. एका मुलाची पुसलीही गेली. त्यानंतर मी गाळणी लिहिली : खातं नवीन, बदल साच्यात किंवा कमांडमध्ये, आणि बाइट, म्हणजे मजकुराची लांबी, तितकेच राहिले तर थांबवा. अशा संपादनाचा अर्थ घातपात असाच होतो असं मला वाटलं होतं. टायपोची सगळ्यात प्रामाणिक दुरुस्तीसुद्धा हुबेहूब तशीच दिसते, हे तेव्हा सुचलं नाही.

गंमत म्हणजे हे सगळं मी वाचलेलं होतं. इंग्रजी विकिपीडियाचे सक्रिय संपादक २००७ नंतर कमी होत गेले, त्यावर आरन हाफेकर आणि सहकाऱ्यांचा २०१३ चा शोधनिबंध आहे. दर्जा राखायला जे नियम आणि जी स्वयंचलित साधनं आणली, तीच चांगल्या हेतूने आलेल्या नवख्यांना परत पाठवू लागली, असा त्याचा निष्कर्ष. मी तो बाकी दोघांना आवर्जून पाठवलाही होता. आपल्याबद्दल आहे असं आम्हा तिघांपैकी कुणालाच वाटलं नाही.

गाळणी बंद केली. साडेचार वाजले होते. बाईंनी पुन्हा तोच जे बदलला. कारणाच्या रकान्यात काय लिहायचं विचारलं, मी म्हटलं काहीही. त्यांनी लिहिलं, ‘शिफ्ट राहिला होता.’ इतिहासाच्या पानावर नोंद आली : बाईंचं नाव, वेळ, बदल ०.

मग त्यांनी मुलींना बोलावून नवा तक्ता छापायला लावला आणि मला म्हणाल्या, “ते घातकचं वाक्य तू लिहिलंस ना? ‘आढळल्याने थांबवण्यात आली आहे.’ सरकारी नोटीस वाटते. ‘थांबवली आहे’ लिही.”

रविवारी बाकीच्या प्रचालकांपैकी जो अजून आहे त्याच्याशी कॉलवर बोललो. तो म्हणाला, कुलपं काढलीस तर स्पॅम येणार. मी म्हटलं येईल. आला. पहिल्याच आठवड्यात सतरा पानं, सगळी कॅसिनोची. पन्नास शब्दांची अट काढली, प्रश्नाला देवनागरी उत्तर चालतं असं केलं, साच्याच्या पानावर जायचा दुवा तक्त्याखालीच दिला. कमांडच्या पानांवरची गाळणी मात्र ठेवली आहे. आता ती थांबवत नाही, फक्त मला कळवते. सकाळच्या ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये ऐरोली ते ठाणे उभ्याने मोबाइलवर स्पॅम पुसतो. दिघा गावपर्यंत उरकतं. नाही उरकलं तर दातांच्या दवाखान्यात बसून. दुसरा प्रचालक म्हणतो, किती दिवस पुसशील? यावर माझ्याकडे उत्तर नाही.

बाईंची आता एकतीस संपादनं झालीत, त्यातली निम्मी माझ्या ऱ्हस्व-दीर्घाची.

जळगावच्या सरांचाही अर्ज मी त्याच शनिवारी मंजूर केला, उशिराबद्दल माफी मागणारी मेलही पाठवली. मेल परत आली नाही, म्हणजे पोहोचली असावी. त्यांच्या खात्यावर अजून एकही संपादन नाही.