पोरगं हुशार आहे, मग ऑटिझम कसा?

आमच्या पोराला कोयना धरणाची साठवण क्षमता विचारा, १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट). अलमट्टीची विचारा, १२३. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. पावसाळ्यात मार्केट यार्डातले हमाल माझ्या हळदीच्या पेढीवर येऊन म्हणतात, "शेठ, बारक्याला विचारा की, पाणी कुठवर चढंल?"

२०२१ च्या पुरात मामींच्या घरात पाणी शिरलं. त्या आमच्याकडं येऊन रडत बसल्या होत्या. हा, तेव्हा सहा वर्षांचा, त्यांच्यासमोर उभा राहून म्हणाला, "तुमच्या गल्लीत ४३ फुटांना पाणी येतंच. मग रडताय कशाला?" मामी आजही ते विसरलेल्या नाहीत. त्याला मात्र त्यात काय चुकलं ते अजून कळलेलं नाही.

दाखवायला नेलं तर पहिल्या डॉक्टरांनी त्याच्याशी धरणांवर गप्पा मारल्या, खूश झाले आणि म्हणाले, "ऑटिझम असता तर इतका बोलला असता का? एकुलता एक आहे, लाडावलाय." दुसरीकडं लक्ष लागत नाही म्हणून एडीएचडीचा, म्हणजे अतिचंचलतेचा, शिक्का बसला. तिसरीकडं फक्त बुद्ध्यांक काढला, तो भरपूर आला, म्हणून विषयच मिटला. पाहुण्यांचं तर विचारूच नका. "आईनस्टाईनपण असाच होता," हे ऐकून माझे कान किटले.

शेवटी पुण्यात एका मानसशास्त्रज्ञ बाईंकडं गेलो, तेव्हा तपासणी कशाला म्हणतात ते कळलं. त्यांनी पोराच्या आधी आमच्या आईला बोलावलं. बोट दाखवून वस्तू मागायचा का? हाक मारली की वळायचा का? दोन-तीन वर्षांचा असतानाचे मोबाईलमधले व्हिडिओ बघितले. वर्गशिक्षिकांना फोन लावला. मग त्याला एका अनोळखी मुलासोबत खेळायला बसवलं. इथं खरं चित्र उघडं पडलं. मोठी माणसं प्रश्न विचारतात, थांबतात, सांभाळून घेतात. बरोबरीची पोरं कशाला थांबतील? तो मुलगा गाडी घेऊन निघून गेला आणि आमचा भिंतीला अलमट्टीचे दरवाजे समजावत राहिला.

ऑटिझम तपासायच्या एडॉस नावाच्या चाचणीत चित्रांच्या पुस्तकावरून गोष्ट सांगायची होती. यानं प्रत्येक पानावरच्या वस्तू मोजल्या, एक चूक नाही. पण चित्रातल्या म्हाताऱ्याला काय वाटलं असेल, तर गप्प. बुद्ध्यांकाचा एकच आकडा द्यायला बाईंनी नकार दिला. शब्दसंग्रह आणि तर्क आभाळाला, लिहिण्या-उरकण्याचा वेग बेताचा. त्यांची सरासरी काढून हाती काय येणार? हळकुंडाचा आणि कणीचा मिळून एक भाव काढल्यासारखं ते. वर सामाजिक परिपक्वतेच्या चाचणीत, म्हणजे स्वतः अंघोळ, दुकानातून सुट्टे पैसे परत घेणं, यात तो वयाच्या बराच मागं.

निदान: ऑटिझम, बौद्धिक अक्षमता नाही. पूर्वी अशा मुलांना ॲस्पर्गर म्हणायचे. २०१३ च्या डीएसएम-५ पासून, म्हणजे मानसिक निदानाच्या अमेरिकी नियमावलीपासून, ते नाव वेगळं राहिलं नाही, सगळं ऑटिझम स्पेक्ट्रममध्येच येतं. आमच्या आईला एवढंच कळलं, की पोरगं मुद्दाम उद्धट वागत नव्हतं. तिनं त्याच दिवशी मामींना फोन केला.

आता घरात वाद आहे तो दिव्यांग प्रमाणपत्राचा. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात ऑटिझम येतो, पण टक्केवारी ठरते ती भारतीय ऑटिझम मापनश्रेणीवर. चाळीस प्रश्न, प्रत्येकाला एक ते पाच गुण, बेरीज सत्तरच्या खाली गेली की त्या हिशोबात ऑटिझमच नाही. चुरूचुरू बोलणाऱ्या पोराची बेरीज तिथवर पोचेलच असं नाही. म्हणजे निदान एकीकडं, कागद दुसरीकडं. बायको म्हणते अर्ज करूच, परीक्षेला सवलत मिळाली तर मिळाली. मी म्हणतो, थांबू थोडं. पोरानं मध्येच ते चाळीस प्रश्न मागून घेतले, स्वतःला गुण दिले, बेरीज दोनदा तपासली आणि "यातले दोन प्रश्न एकच आहेत" म्हणून माझ्याशी भांडत बसलाय.