तुम्ही विचारलंत म्हणून : रोज ओ-बानने जाता, मग बोगद्याला हरकत का घेतलीत?

ऑस्ट्रेलियातल्या अॅडलेडमध्ये नव्याने आलेली मराठी मंडळी विचारतात, बसमध्ये शेजारी बसणारे विचारतात, गेल्या महिन्यात भाच्याने फोनवर विचारलं, ‘मावशी, तू नक्की बसच्या बाजूची की झाडांच्या?’ प्रश्न एकच. ओ-बान ही काँक्रीटच्या खास ट्रॅकवरून धावणारी बस माझ्या रोजच्या जाण्यायेण्याची, तिचं कौतुक करताना मी थकत नाही, आणि तरी २०१५ साली तीच बस शहरात लवकर पोचावी म्हणून पार्कलँड्सखालून, म्हणजे शहराभोवतीच्या बागांखालून, बोगदा काढायचं ठरलं तेव्हा मी लेखी हरकत नोंदवली. लोकांना ही विसंगती वाटते. घाईघाईत दोन वाक्यांत उत्तर दिलं की ते मला स्वतःलाच अपुरं वाटतं, म्हणून एकदा नीट लिहिते.

आधी बसबद्दल, कारण जिने प्रवास केलेला नाही तिला यातलं प्रेम कळायचं नाही. पॅराडाइज इंटरचेंजवरून बस निघते आणि काँक्रीटच्या दोन पट्ट्यांच्या तोंडाशी येते. पुढच्या चाकांना लागून छोटी आडवी चाकं बसवलेली असतात. ती पट्टीच्या उभ्या कडेला टेकतात तेव्हा अंगाला जाणवेल न जाणवेल असा एक धक्का बसतो, आणि ड्रायव्हर स्टिअरिंगवरचे हात सैल सोडतो. तिथून पुढे बस आपली आपण वळते. सिग्नल नाही, मध्ये घुसणारी गाडी नाही. खिडकीबाहेर टॉरेन्स नदी कधी डावीकडे, कधी उजवीकडे, आणि काठाने सायकलवाले, कुत्री फिरवणारे, मुलांना घेऊन निघालेले लोक. साधी डिझेलची बस, पण चालते आगगाडीच्या डौलात. आणि ट्रॅक संपला की तीच बस रस्त्यावर उतरून घरांच्या गल्लीपर्यंत जाते. गाडी बदलावी लागत नाही, हे तिचं सगळ्यात मोठं सुख.

ही कल्पना मूळची जर्मनीची. इथे पहिला टप्पा १९८६ मध्ये गिल्बर्टन ते पॅराडाइज असा सुरू झाला, १९८९ मध्ये तो मॉडबरीच्या टी ट्री प्लाझापर्यंत गेला. सगळा मिळून १२ किलोमीटरचा. पण ती जागा मुळात बससाठी ठेवलेलीच नव्हती. १९६८ च्या वाहतूक आराखड्यात शहराभोवती फ्रीवेंचं जाळं काढलं होतं, त्यातला एक या नदीच्या खोऱ्यातून जायचा होता. लोक खवळले आणि फ्रीवे काही झाला नाही. नंतर ट्रामचा प्रस्ताव आला, तोही १९७९ च्या निवडणुकीत सरकार बदलल्यावर मागे पडला आणि ओ-बान आली. त्या काळी नदीकाठ म्हणजे तणकट आणि कचरा. खोऱ्यातली माती भुसभुशीत, म्हणून ट्रॅक खांबांवर उचलून बांधावा लागला. त्याच कामासोबत काठ साफ झाला, झाडं लागली आणि टॉरेन्स लिनिअर पार्क उभं राहिलं.

हे मी मुद्दाम सांगते आहे. बस आली की बाग गेलीच पाहिजे असं काही नसतं. माझ्या रोजच्या वाटेवर बस आणि बाग दोन्ही एकमेकींच्या शेजारी वाढलेल्या आहेत. त्यामुळे ‘तुला विकास नको’ असं कुणी म्हटलं की मला खरंच लागतं.

आता दुसरी बाजू. कर्नल विल्यम लाइटने १८३७ मध्ये शहराची आखणी केली, तेव्हा शहराभोवती चहूबाजूंनी मोकळ्या जमिनीचं कडं ठेवलं. जमीन इथल्या मूळ रहिवासी कौर्ना लोकांची होती, त्यांना कुणी विचारलं नाही, हे आधी म्हटलंच पाहिजे. आज त्या बागांना कौर्ना नावंही आहेत. ज्या दोन बागांबद्दल हा वाद झाला त्या रंडल पार्कचं नाव काडलिटपिना आणि रायमिल पार्कचं मुर्लाविर्रापुर्का. दोघेही कौर्नांचे वडीलधारे पुरुष. हे कडं सुरुवातीला ९०० हेक्टरांहून मोठं होतं. आज साधारण ७६० हेक्टर धरलं जातं.

मग बाकीचं गेलं कुठे? हा आकडा मला स्वस्थ बसू देत नाही, कारण कुणी दरोडा घालून ती जमीन नेली नाही. रेल्वे स्टेशनला थोडी गेली, हॉस्पिटलला गेली, विद्यापीठाला, संग्रहालयाला गेली. एकेक नाव घ्या, ‘नको होतं’ असं म्हणवत नाही. मी स्वतः त्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसले आहे. प्रत्येक तुकडा चांगल्या कामासाठी गेला, प्रत्येक वेळी ‘एवढासाच तर आहे’ म्हणून गेला. वाईट कामासाठी मागितला असता तर लोकांनी केव्हाच अडवला असता. म्हणूनच चांगल्या कामासाठी मागितलेल्या तुकड्याकडे जास्त बारकाईने बघावं लागतं असं माझं मत झालं, आणि बस तर सगळ्यात चांगलं काम.

वादाचा प्रसंग असा. गिल्बर्टनला ट्रॅक संपतो. तिथून पुढे हॅकनी रोडवर बस चारचौघींसारखी गाड्यांच्या रांगेत. बारा किलोमीटर वाऱ्यासारखं यायचं आणि मग शहर समोर दिसत असताना सिग्नलमागून सिग्नल ताटकळायचं. दिवसाला ३१,००० च्या आसपास लोक या मार्गाने जात होते. त्यांचा वेळ जात होता, माझाही जात होता. पार्कलँड्समधून बसला थेट वाट द्यावी ही कल्पना आधीही निघाली होती आणि बारगळली होती. २०१५ मध्ये राज्य सरकारने ती पुन्हा आणली, १६ कोटी डॉलरची. हॅकनी रोडवर रस्त्याच्या मध्यभागी बसच्या लेन, तिथून बागांखालून बोगदा, आणि बस निघणार थेट ग्रेनफेल स्ट्रीटला.

मी तो नकाशा पहिल्यांदा पाहिला तेव्हा एक गोष्ट डोळ्यांत खुपली. शहराचा भाग राखाडी आणि त्यात प्रत्येक इमारत काढलेली. रस्ते पांढरे, त्यावर लेनच्या रेघासुद्धा. आणि बाग? नुसता सपाट हिरवा रंग. त्यात झाड नाही, बाक नाही, तळं तेवढं निळ्या ठिपक्यासारखं. ज्याला कुणी वाईट हेतू म्हणणार नाही अशा त्या साध्या नकाशात रायमिल पार्क ‘रिकामी जागा’ होऊन बसलं होतं. राखाडी रंगात वाट काढायची तर मालकाला विचारावं लागतं, भरपाई द्यावी लागते. पांढऱ्या रंगात काढायची तर गाड्यावाले ओरडतात. हिरव्यात काढायला कुणाला विचारायचं?

दुसऱ्या दिवशी मी दोन थांबे आधी उतरून तिथे गेले. तळ्याकाठी एक जाडजूड रिव्हर रेड गम, म्हणजे निलगिरीच्या जातीचं झाड आहे, त्याच्या बुंध्याला मी हात लावून उभी राहिले. साल खाली खरखरीत आणि वर गुळगुळीत, करड्या-पिवळ्या रंगाची, तिचे लांब पापुद्रे गवतावर पडलेले. बुंध्यात एका जुन्या तुटलेल्या फांदीची ढोली होती आणि पोपटाची एक जोडी आत-बाहेर करत होती. अशी ढोली तयार व्हायला झाडाला शंभर वर्षं तरी लागतात, नवं रोप लावून ती मिळत नाही. ‘एका झाडामागे इतकी झाडं लावू’ असं कुणी म्हणालं की मला ती ढोली आठवते. झाडं मोजता येतात, पण त्यांचं वय कसं लावणार?

बोगदा म्हटला की लोकांना वाटतं, खालून गेला म्हणजे वर काही झालंच नाही. इथला बोगदा डोंगराखालून पोखरतात तसा नव्हे. वरून खणायचं, काँक्रीटची पेटी बांधायची, छत घालायचं आणि वर माती पसरायची. म्हणजे त्या पट्ट्यात जे उभं आहे ते आधी जाणारच. नंतर गवत येतं, फुलझाडं येतात, पण छतावरच्या मातीत मोठ्या मुळांचा वृक्ष तसा पोसला जात नाही.

माझ्या हरकतीत मी ‘बस नको’ असं कुठेही लिहिलं नव्हतं. मी लिहिलं होतं की बसला वाट द्याच, पण ती वाट आधी रस्त्यात शोधा. २०१२ मध्ये याच शहरात ग्रेनफेल आणि करी स्ट्रीटवर बसलेन झाल्या. गाड्यांना सरकून घ्यायला सांगितलं, तेव्हा कुरकुर झाली आणि मग सवय झाली. शहर चालू राहिलं. एका गाडीत एक माणूस आणि एका बसमध्ये साठ-सत्तर, मग रस्त्याची वाटणी त्या हिशोबाने का होऊ नये? मला विचाराल तर सगळ्या चर्चेत हा प्रश्न मागेच राहिला. सभेत एका बाजूला बसवाले, दुसऱ्या बाजूला बागवाले, आणि दोघांमध्ये भांडण. ज्या गाड्यांमुळे बस अडकत होती त्यांचं कुणी नाव काढेना. माझ्या हरकतीचं खरं कारण तेच होतं. बस आणि बाग दोन्ही सगळ्यांच्या मालकीच्या. त्यांना एकमेकींसमोर उभं करायचं, आणि जी जागा रोज थोड्या लोकांच्या गाड्या अडवतात तिला हात लावायचा नाही, हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही.

दुसरी मागणी साधी होती : बोगदा करायचाच ठरला असेल तर बागेत कमीत कमी ठिकाणी डोकं वर काढू दे. ही मागणी माझ्या एकटीची नव्हती, खूप जणांनी केली होती. आराखडा बदललाही. पार्कलँड्स आणि शहराची आखणी २००८ पासून राष्ट्रीय वारशाच्या यादीत आहे, त्याचा आधार लोकांना होता. म्हणून मी नव्या माणसांना सांगते की हरकत घेणं म्हणजे अडवणूक नव्हे. पहिल्या कागदावर सगळे गप्प बसले असते तर तोच कागद जमिनीवर उतरला असता.

पण एक उत्तर मला त्या वेळी देता आलं नव्हतं, तेही सांगायला हवं. माझ्या बसमध्ये एक बाई असायची. शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात सफाईच्या कामाला. पहाटे जायची, दुपारी परत. मी हरकत नोंदवली हे कळल्यावर ती म्हणाली, ‘तुझ्या झाडांपायी मी रोज पोराला शाळेच्या फाटकापाशी वाट बघायला लावायची का?’ रागाने नाही, सरळ विचारलं. मी गप्प बसले. माझं ऑफिस, माझी लवचिक वेळ, घरी मुलांकडे बघणारा नवरा. माझी दहा मिनिटं आणि तिची दहा मिनिटं सारखी नव्हती. त्यानंतर मी सभेत ‘प्रवाशांना थोडं थांबायला काय होतं’ असं कुणी म्हटलं की लगेच अडवायची. थांबायला काय होतं ते ज्याला थांबावं लागतं त्याला विचारावं.

डिसेंबर २०१७ मध्ये बोगदा सुरू झाला. ६७० मीटरचा. मी पहिल्याच आठवड्यात त्यातून गेले. बस आत शिरली, दिवे मागे पळाले आणि काही कळायच्या आत आम्ही ग्रेनफेल स्ट्रीटवर. वेळ वाचला, नक्की वाचला. ती बाई पुढच्या सीटवर होती, तिने वळून माझ्याकडे पाहिलं आणि हसली. मीही हसले. मला तिच्यासाठी मनापासून बरं वाटलं, आणि डोक्यावर बागेचा तो पट्टा आहे हेही मनातून जात नव्हतं. दोन्ही एकाच वेळी. भाच्याला मी हेच सांगितलं, तर म्हणाला, ‘म्हणजे पुन्हा तशी वेळ आली तर?’ पुन्हा हरकत घेईन. तोच बोगदा, तीच बस, तरी घेईन. आणि हरकतीचा कागद द्यायला बसनेच जाईन.

पुढच्या वर्षी शरदात एकदा त्या बाईची कामाची पाळी लवकर सुटली आणि माझी एक मीटिंग रद्द झाली. ग्रेनफेल स्ट्रीटच्या थांब्यावर भेटलो. मी म्हटलं, चल, रायमिल पार्कात जरा बसू. ती थबकली. अकरा वर्षं ती त्या बागेवरून जात होती, पण आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये फ्रिंज या कलामहोत्सवाचे तंबू आणि कुंपण, मधली दोन वर्षं बांधकामाचं कुंपण. तिला वाटायचं ती जागा कुणाची तरी आहे.

‘इथे बसायचे पैसे पडतात का?’ तिने विचारलं.

मी नाही म्हटलं. तिने आजूबाजूला एकदा बघून घेतलं, कामावरचे बूट काढले, मोजे त्यात खोचून ठेवले आणि पाय गवतावर पसरले. तिची बस लागायची वेळ झाली होती, मी आठवण केली.

‘जाऊ दे,’ ती म्हणाली. ‘पुढची येईल.’